उत्तरेच्या उजेडाचं मावंदं

एकोणीसशे बहात्तर सालच्या सुरुवातीला देवळाली प्रवरेच्या शिवारात ज्ञानाची फार मोठी तहान लागली होती. पाण्याचीही लागली होती, पण तिच्यावर ठराव करून भागत नव्हतं. ज्ञानाचं तसं नसतं. भैरोबा सहकारी साखर कारखान्याच्या संचालक मंडळाने एकमताने ठरवलं की युरोपातले लोक बीटापासून साखर काढतात, ती कशी काढतात हे कुणीतरी समक्ष जाऊन पाहिलं पाहिजे. आपल्या भागात बीट कुणी लावत नव्हतं आणि लावणारही नव्हतं. पण म्हणून माणसाने अज्ञानात किती दिवस राहायचं, असा सवाल चेअरमन आबासाहेबांनी केला. त्याला कुणी उत्तर दिलं नाही, कारण सवाल चेअरमनने केला होता.

कुणीतरी म्हणजे कोण, हेही फारसं शोधावं लागलं नाही. स्वतः आबासाहेब, व्हाइस चेअरमन बन्सी आणि संचालक सहादेव. सहादेवची लायकी अशी की मंडळावर आल्यापासून त्याने एकाही ठरावाला विरोध केला नव्हता, काही ठरावांना तर ते वाचून व्हायच्या आधीच हात वर केला होता. पुढे आबासाहेबांच्या पत्नी पुष्पावतीबाई हटून बसल्या की मीही येणार. बाईमाणूस एकटं कसं न्यायचं, म्हणून त्यांच्या सोबतीला सहादेवची बायको रतनबाई हिचंही नाव घातलं. तिला कुणी विचारलं नाही. पासपोर्टच्या फोटोसाठी नगरला नेलं तेव्हा तिला कळलं.

सहादेव तसा वाईट माणूस नव्हता, हे सांगून ठेवलं पाहिजे. बायकोवर त्याने कधी हात उगारला नाही, दिवाळीचं लुगडं कधी चुकवलं नाही, ती आजारी पडली तर डॉक्टर घरी आणला. एकच गोष्ट होती. ती बोलायला लागली की तिचं पुढचं बोलणं त्याला आधीच माहीत असायचं. मग ऐकण्यात वेळ कशाला घालवायचा? "तुला काय कळतंय त्यातलं" एवढं म्हणून तो विषय मिटवायचा, आणि विषय खरोखरच मिटायचा. असा पंचवीस-तीस वर्षांचा सुखाचा संसार होता.

तर फेब्रुवारीत, ऐन गळिताच्या हंगामात, म्हणजे चेअरमनने कारखान्यावर नसलेलं सगळ्यांनाच बरं वाटतं अशा दिवसांत, मंडळी विमानात बसली. बरोबर बाजरीचं पीठ, लसणाची चटणी, शेंगदाण्याचे लाडू आणि मुंबईच्या एका प्रवासी कंपनीचा पेंडसे नावाचा वाटाड्या होता. डेन्मार्कातल्या बीटाच्या कारखान्यात पोचल्यावर कळलं की त्यांचं गाळप जानेवारीतच संपलं आहे. यंत्रं धुऊनपुसून ठेवली होती. आबासाहेबांनी एका बंद यंत्रावर हात ठेवून फोटो काढून घेतला, बन्सीने यंत्राची लांबी विचारली, सहादेवने मान डोलावली आणि अभ्यास संपला. दुपारचं जेवणही अजून व्हायचं होतं.

परतीच्या तिकिटाला मात्र अजून बरेच दिवस होते. एवढ्या दिवसांत काय अभ्यासावं, असा पेच पडला तेव्हा पेंडसेने सुचवलं की नॉर्वेच्या उत्तर टोकाला हिवाळ्यात आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसतो. पाच-सहा माणसांची टोळी करून गाडीतून नेतात, बरोबर तिथला माहीतगार देतात. ध्रुव म्हटल्यावर आबासाहेब खुर्चीत सरळ बसले. ज्या दिशेला ध्रुवबाळाला अढळपद मिळालं तिकडचा तो उजेड, म्हणजे साधी गोष्ट नव्हे, दर्शनच ते. आमच्या पंचक्रोशीतून काशीला पुष्कळ जण जाऊन आले, पण इकडे कोण आलंय? झालं. थंड हवेचा साखरेवर काय परिणाम होतो हे पाहायला जात आहोत, असं कागदोपत्री ठरलं. तिथे साखर चहात विरघळते एवढा परिणाम सगळ्यांनी पाहिलाही.

ते गाव समुद्रकाठी होतं आणि दुपारी तीन-चारलाच तिथे अंधार पडायचा. माहीतगार म्हणून आर्ने नावाचा दाढीवाला गडी होता, गाडीही तोच चालवायचा. त्याने सगळ्यांना गळ्यापासून पायापर्यंत एकच शिवलेले जाड पोशाख दिले. आबासाहेबांनी त्यात धोतर कोंबलं, बायकांनी नऊवारी कोंबली आणि मंडळी सरकीच्या पोत्यांसारखी एका रांगेत उभी राहिली. वरून आबासाहेबांनी फेटा बांधला. आर्ने म्हणाला टोपी घाला, कान गळून पडतील. आबासाहेब म्हणाले, चेअरमनचे कान असे गळत नसतात.

पहिल्या दोन संध्याकाळी ढग होते. गावाबाहेर नेऊन आर्ने गाडी बंद करायचा, दिवे मालवायचा आणि सगळे बर्फात उभे राहून वर बघायचे. वर काहीच नसायचं. उजेड किती वाजता येतो, असं आबासाहेबांनी पेंडसेकरवी विचारलं. त्याची वेळ नसते, असं उत्तर आलं. राहुरीच्या स्टँडवर एसटीबद्दल हेच ऐकायची सवय असल्याने मंडळींना त्यात परकं काही वाटलं नाही. रतनबाई मात्र मान मागे टाकून बघतच राहायची. दुसऱ्या संध्याकाळी ती सहादेवला काहीतरी सांगायला लागली, ढगाच्या कडेला तिला कसलासा उजेड दिसला होता. ढगामागे चंद्र असणार, तुला काय कळतंय, असं म्हणून सहादेवने तिला गाडीत बसवलं. त्या दिवशी अमावास्या होती हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

तिसऱ्या संध्याकाळी जेवणं आटोपून मंडळी पुन्हा त्याच जागी गेली. थोड्या वेळाने ढग फाटले. डोंगराच्या वर काहीतरी पांढुरकं हललं, आर्नेने बोट दाखवलं आणि पेंडसे ओरडला, "आला, आला!"

आता आपल्या मुलखाची एक साधी रीत आहे. माणूस कोसच्या कोस चालतो, रांगेत उभा राहतो, पुढच्याच्या पाठीत कोपर घालतो, आणि एकदाचा मूर्तीसमोर पोचला की लगेच हात जोडतो आणि डोळे घट्ट मिटून घेतो. जे बघायला एवढा आला ते सोडून बाकी सगळं बघून तो परत जातो. देवाला याची सवय आहे, तो थांबून राहतो. त्या आकाशातल्या उजेडाला ही रीत कुणी सांगितली नव्हती.

आबासाहेबांनी हात जोडले, डोळे मिटले आणि खड्या आवाजात आरती सुरू केली. चेअरमनने सुरू केलेल्या आरतीत सामील होणं भागच होतं. बन्सीने आणि सहादेवने तत्काळ डोळे मिटले. देवापुढे पायात वहाणा कशा, म्हणून बन्सीने घाईघाईने एक बूटही काढला. पुष्पावतीबाईंचे डोळे नवऱ्याबरोबरच मिटले. एक आरती झाली, लगेच दुसरी लागली. चेअरमन डोळे उघडायच्या आधी आपण उघडणं शिस्तीला धरून नव्हतं, आणि चेअरमनला वाटत होतं की एवढी मंडळी भक्तीत रंगली असताना आपणच आधी कसे उघडायचे. आरत्या संपल्यावर पेंडसे ब्राह्मण आहे हे कुणाला तरी आठवलं, मग त्याला मंत्रपुष्पांजली म्हणायला लावली. तोही पोटार्थी माणूस, त्यानेही डोळे मिटून ती साग्रसंगीत म्हटली. शेवटी भैरोबाच्या नावाने चांगभलं झालं, सगळ्यांनी गालावर हात मारून घेतले आणि डोळे उघडले. वर ढग होते. आर्ने आकाशाकडे बघतच नव्हता, तो या मंडळींकडे बघत होता. तो उजेड त्याने जन्मभर पाहिला होता, हे पहिल्यांदाच पाहत होता.

फक्त रतनबाई वर बघत होती. तिला आरतीत डोळे मिटायची सवयच नव्हती. घरी आरती चालू असली की निरांजन विझतंय का ते कोण बघणार, चुलीवरचं दूध कोण बघणार, प्रसादाच्या ताटाशी आलेलं मांजर कोण बघणार? सगळं घर डोळे मिटून देवात लीन झालेलं असताना एक जण डोळे उघडे ठेवून असतो, आणि ती नेहमी रतनबाई असायची. सहादेवने तिच्याकडे पाहिलं तेव्हा तिचं तोंड उघडं होतं आणि गालांवर पाणी गोठायला आलं होतं.

सगळे गाडीत बसले. मग आबासाहेब म्हणाले की काय दर्शन झालं, जन्माचं सार्थक झालं. बन्सी म्हणाला, व्हय साहेब, डोळ्यांचं पारणं फिटलं. त्याच्या पायाचा अंगठा तेव्हा काळानिळा पडला होता. सहादेवनेही मान डोलावली. मनातून मात्र तो पुरता ओशाळला होता आणि बाकीचेही ओशाळलेत हे त्याला दिसत होतं, पण हे बोलायचं कुणी? हॉटेलात आल्यावर रतनबाई पोशाख न उतरवताच त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अवं, मी काय सांगते..." तो दमला होता, रागावला होता, आणि नेमकं कुणावर रागावलोय हे त्याला ठाऊक होतं. "झोप आता," तो म्हणाला. "तुला काय कळतंय त्यातलं." ती झोपली, निदान तिने दिवा तरी मालवला.

काशीहून आलेला माणूस गावाला मावंदं घालतो, गंगेच्या पाण्याची पूजा होते, लोक त्याच्या पायावर डोकं ठेवतात. देवळालीने हीच रीत लावली. वेशीपासून वाजतगाजत मंडळींना आणलं. बन्सीने थर्मासात तिकडचा बर्फ भरून आणला होता. त्याचं वाटेतच पाणी झालं होतं, पण गंगेचं तरी काय असतं? ते तीर्थ म्हणून वाटलं. कमी पडलं तेव्हा त्याने आत जाऊन थर्मास पुन्हा भरला आणि दोन दिवस तो काही रिता झाला नाही. एका म्हाताऱ्याची गुडघेदुखी त्याने थांबल्याचंही कळलं.

मावंद्यानंतर शाळेच्या मैदानावर सत्काराची जाहीर सभा ठरली. लाउडस्पीकर राहुरीहून येणार होता. आबासाहेबांनी कार्यक्रम आखून दिला: बीटाच्या कारखान्यावर स्वतः चेअरमन बोलतील, आणि उत्तरेच्या उजेडाचं वर्णन सहादेवराव करतील. सहादेव म्हणाला, साहेब, त्याचा मान तुमचा. आबासाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले की नव्या माणसांना पुढे आणायचं असं माझं धोरणच आहे. सहादेव तेव्हा पन्नाशीचा होता. बन्सीकडे पाहिलं तर तो अंगठ्याला हळद लावत बसला होता आणि वर बघायला तयार नव्हता.

सहादेवची झोप उडाली. चार गावचे लोक येणार, शाळेची पोरं येणार, हेडमास्तरांनी तर सांगूनच ठेवलं होतं की मुलं शंका विचारतील. काय सांगायचं त्यांना? आरत्या कोणकोणत्या झाल्या ते? गावात एकच माणूस असा होता ज्याने तो उजेड पाहिला होता आणि तो माणूस त्याच्या स्वयंपाकघरात होता. दोन दिवस त्याने मनाशी झटापट केली. सभेच्या आदल्या सकाळी रतनबाई ओसरीत जोंधळे पाखडत होती, तिथे तो येऊन बसला. आधी जोंधळ्याची चौकशी केली, मग खाकरला.

"त्या दिवशी आभाळात काय काय दिसलं, सांग बरं जरा."

तिचं सूप थांबलं. "तुमी न्हाई बघितलं?"

"बघितलं की. पन सभंत सांगायचं म्हंजी दोघांचं जुळाया पायजे. कुनी तुला इचारलं तर?"

तिने सूप खाली ठेवलं, पदराला हात पुसले, आणि तिचा चेहरा असा काही उजळला की सहादेवला क्षणभर वाटलं, आपण हे आधीच विचारायला हवं होतं. "हिरवा हुता," ती म्हणाली.

"हिरवा?" सहादेव हसला. "अगं, उजेड हाय तो. दिवा कदी हिरवा असतोय व्हय? अन् कारखान्याच्या सभंत हिरवा म्हनलो तर लोक म्हनतील, हे बेणं हितं बसून उसाचंच सांगतंय. तांबडा असंल. भगवा म्हन."

रतनबाईने त्याच्याकडे पाहिलं. "बरं. भगवा."

"आवाज कसा हुता?"

"आवाज न्हवताच. तेच तर लई..."

"असं कसं? एवढं मोठं आभाळ पेटलं अन् आवाज न्हाई? शंखासारका घुमत असनार. मी ऐकला वाटतं थोडा."

"ऐकला आसंल."

"अन् खांबावानी उभा हुता न्हवं? खांब म्हनलं की मानसाला लगीच कळतं."

"व्हय," ती म्हणाली. "खांबावानी." सूप पुन्हा हातात घेतलं आणि पाखडायला लागली. एवढ्याशा गोष्टीला आपण दोन दिवस उगाच घाबरत होतो, असं सहादेवला वाटलं. बायकोशी बोललं की मन हलकं होतं म्हणतात ते काही खोटं नाही.

सभा दणक्यात झाली. आबासाहेब बीटावर बोलले, ते लोकांनी सहन केलं. मग सहादेव उठला. लाउडस्पीकरमधून आपलाच आवाज चहूकडून यायला लागल्यावर त्याला धीर आला. जमिनीतून आभाळापर्यंत गेलेला भगवा खांब त्याने उभा केला. त्याच्यातून शंखनाद काढला. खांबाच्या शेंड्याला ध्रुवबाळाचा तारा बसवला, हे तर त्याने आधी ठरवलंही नव्हतं, आपोआप आलं. पुढच्या रांगेतले म्हातारे डोळे पुसायला लागले. एका पोराने उभं राहून विचारलं की आमच्या भूगोलाच्या पुस्तकात हिरवा लिहिलाय, तर हेडमास्तरांनी त्याचा कान धरून खाली बसवलं. समक्ष पाहून आलेल्या माणसापेक्षा पुस्तक मोठं का? समारोपाला आबासाहेब म्हणाले की सहादेवरावांनी सांगितलं ते अक्षरशः खरं आहे, मी स्वतः साक्षी आहे. बन्सीनेही लंगडत येऊन दुजोरा दिला.

त्यानंतर त्या उजेडाने चांगलंच बाळसं धरलं. आठवड्याभरात आबासाहेबांना त्या खांबावर ओंकार दिसला होता असं आठवलं. बन्सीला घंटाही ऐकू आल्या होत्या. पुष्पावतीबाईंच्या अंगावर तर उजेडातून फूल पडलं होतं, फक्त ते विमानतळावर कुठेतरी हरवलं. वांबोरीहून, बेलापुराहून, पार शेवगावाहून सहादेवला बोलावणी यायला लागली. तो जायचा, शाल-नारळ घ्यायचा, खांब उभा करायचा आणि परत यायचा.

आणि इथेच त्याचं बिनसलं. जितक्या वेळा तो ते सांगायचा तितक्या वेळा त्याला स्पष्ट कळायचं की आपण काहीच पाहिलेलं नाही. लोकांचे डोळे भरून यायचे आणि त्याच्या डोळ्यांपुढे मात्र पापणीच्या आतला काळोख यायचा. संध्याकाळी बांधावर उभा राहून तो उत्तरेकडे बघायचा. तिकडे कारखान्याची चिमणी होती. जगाच्या टोकाला गेलो, त्या गोष्टीच्या पुढ्यात उभा राहिलो, आणि आबासाहेबांच्या मर्जीपायी डोळे मिटून आलो! पुन्हा काही या जन्मी जाणं होणार नव्हतं. आता त्याला सभेसाठी नको होतं, त्याचं त्यालाच हवं होतं. ते कसं होतं, एवढंच. एकदा जेवताना त्याने चाचरत रतनबाईला विचारलंही, की खरंच कसा गं होता तो? "तुमी सांगता तसाच," ती म्हणाली आणि त्याच्या ताटात कालवण वाढलं.

गळीत संपत आलं होतं. शेवगावकडून आलेल्या ऊसतोडणीवाल्यांच्या कोप्या, म्हणजे वाळल्या पाचटाची खोपटं, कारखान्याजवळ पडल्या होत्या, त्यातली दगडाबाई जनावरांना घालायला उसाच्या शेंड्यांचं वाढं घेऊन सहादेवच्या गोठ्यावर यायची आणि दोन घोट चहा घेऊन जायची. एका दुपारी सहादेव मळ्यातून मागल्या दाराने आला. पायांतल्या वहाणा काढत होता तेवढ्यात आतून बोलणं ऐकू आलं. रतनबाई बोलत होती. एवढं सलग बोलताना त्याने तिला कधी ऐकलं नव्हतं, म्हणून आधी त्याला आवाजच ओळखू आला नाही.

"आदी धुरावानी दिसलं," ती सांगत होती. "मला वाटलं, डोंगरापल्याड कुनी पाचट पेटवलंय. मग त्या धुराला रंग चढाया लागला. हिरवा, पन आपल्या पानांचा न्हाई. हरबऱ्याचा घाटा सोलला की आत कवळा दाना असतो बग, तसला. अन् मग ते हलाया लागलं. आपन लुगडं धुताना एक टोक हातात धरून सोडतो न्हवं पान्यात? धार त्याला उलगडत नेती. तसं उलगडत गेलं. ह्या डोंगरापून त्या डोंगरापतूर. अन् खाली गुलाबी काठ."

"अन् आवाज?" दगडाबाईने विचारलं. "काई वाजत व्हतं का, बाई?"

"काईच न्हाई. तेचंच मला रडू आलं. एवढं मोठं, अन् कुनाला हाक मारत न्हाई, काई मागत न्हाई. आपलं आपलं चाललंय. बर्फ सुदीक हिरवा झाल्ता. माजे हात हिरवे."

दगडाबाई गप्प बसून ऐकत होती. मध्ये तिने फक्त "मंग?" म्हटलं.

"मग मी ह्यांच्याकडं बघितलं. हे डोळं मिटून, हात जोडून उबे. अन् तो समदा उजेड ह्यांच्या तोंडावर पडल्याला. इतकी वर्सं बगते मी त्यांना, पन असं तोंड कदी बघितलं न्हवतं. लहान पोर निजल्यावानी. कपाळाची आठी सुदीक न्हवती. मला वाटलं, हलवावं त्यांना. म्हनावं, अवं, डोळं उगडा, तुमच्याच तोंडावर पडलंय. हात पन पुढं नेला मी. त्यांच्या बाहीला लागला बी. पर..."

सहादेव कधी दारात येऊन उभा राहिला ते त्यालाही कळलं नव्हतं. एक वहाण हातातच होती. रतनबाईची नजर वर गेली आणि ती थांबली. दगडाबाईने वळून पाहिलं, डोक्यावरून पदर घेतला, चहाची वाटी पालथी घातली आणि "येते बाई" म्हणून मागल्या दाराने निघून गेली.

"पर काय?" सहादेव म्हणाला.

रतनबाई उठून चुलीकडे गेली.

"अगं, सांग की. पर काय? का न्हाई हलवलंस मला?"  तो खाली बसला, दगडाबाई बसली होती त्याच जागेवर, आणि अगदी खालच्या सुरात म्हणाला, "मी मदी बोलनार न्हाई. तू सांग."

तिने चुलीवर तवा ठेवला. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं, समजूत काढता आली असती.

"आता मी काय सांगू?" ती म्हणाली. "तुमी सांगितलंय की समद्या गावाला."

मग तिने परात पुढे ओढली आणि पीठ मळायला घेतलं. सहादेव तिथेच बसून राहिला. भाकरी झाली तेव्हा तिने ताट त्याच्यापुढे ठेवलं आणि हात धुऊन या म्हणून सांगितलं.